जुळी एकसारखी, पण गुणसूत्रे?

‘‘डॉक्टर, दोन्ही बाळे एकाच वारेवर आहेत, म्हणजे अगदी सारखीच. मग एकाचीच तपासणी केली तर चालणार नाही का?’’ पुण्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा येतो.

एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले की एकसारखी जुळी होतात. दोघांच्या पेशींतील ४६ गुणसूत्रे सहसा सारखीच असतात. परंतु पेशी विभागताना एखादे गुणसूत्र हरवले किंवा वाढले, तर क्वचित एका बाळाला डाऊन सिंड्रोम असतो आणि दुसरे निरोगी असते. एक मुलगा आणि दुसरी टर्नर सिंड्रोमची मुलगी, अशी एकबीज जुळीही वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

म्हणून ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी करून वार एक की दोन, हे पाहून घ्यावे. एकाच्या मानेमागे जास्त पाणी दिसले किंवा दोघांच्या वाढीत फरक आढळला, तर १५ आठवड्यांनंतर दोन्ही पिशव्यांतील गर्भजल तपासण्याविषयी तज्ज्ञांना विचारावे. या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तोही समजून घ्यावा. आईच्या रक्ताच्या चाचणीने दोष कोणत्या बाळात आहे, हे कळत नाही.

बाळाचे लिंग मात्र विचारू नये. त्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा नीट पाळला जावा म्हणून पुण्याच्या ‘मासूम’ संस्थेने इतरांसह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. गुणसूत्रांतील दोष शोधण्यास कायद्याची मोकळीक आहे. तेव्हा अहवाल हाती आला की एवढेच विचारा: नमुना एका बाळाचा की दोघांचा?