चाकरमान्यांचा जिल्हा

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. मुंबई शहर जिल्ह्यात 832, तर रत्नागिरी जिल्ह्यात 1,122. कोकणात मुली जास्त जन्मतात असं नव्हे. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत इथेही मुलीच कमी आहेत. गणित फिरतं ते पुढे, मिसरूड फुटलेला मुलगा मुंबईची वाट धरतो तेव्हा. गिरण्यांच्या काळात पडलेली ही वहिवाट गिरण्या गेल्या तरी मोडली नाही. मागे उरतात म्हातारी माणसं, बायका, शाळकरी पोरं. आणि कुलूप लावलेली घरं. 2001 ते 2011 या दशकात तर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली, सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर.

2011मध्ये जिल्ह्यात शहरी वस्ती जेमतेम 16 टक्के होती. रत्नागिरी, चिपळूणकडे नोकरी-शिक्षणासाठी आसपासची कुटुंबं येतात, त्यामुळे तिथे कमावत्या वयाची माणसं जास्त दिसतात. गंमत म्हणजे, इथली पोरं मुंबईला जात असताना इथल्या मच्छीमार नौकांवर आणि हापूसच्या बागांत राखणीला आता नेपाळी कामगार आहेत.

जनगणना माणसाला राहत्या ठिकाणी मोजते. तेव्हा गणपतीत चाकरमानी परतल्याने गजबजलेलं गाव पाहून लोकसंख्येचा अंदाज बांधू नका.