बंद बोगदा, मोटारसायकल आणि आपली मुलं



मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता अकरावीत आहे. मोबाईल समोर धरून म्हणाला, "सर, हे पाहा ना." व्हिडिओत चार-पाच मोटारसायकली एका बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यात शिरत होत्या. काळाकुट्ट अंधार, हेडलाईटचे झोत, इंजिनाचा घुमणारा आवाज. "दिवाळीत आम्ही पोट्टे पण जाऊन राहिलो, गाडीवर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. "सर, तुमचं ऐकते तो. तुम्हीच सांगा त्याले."

"जाऊ नको" म्हणायला एक मिनिट लागतं. पण त्या वयाचा मुलगा नुसत्या 'नको'वर थांबत नाही, हे आपण सगळेच जाणतो. त्याला बोगदा म्हणजे काय, तो बंद का पडतो आणि आत गाडी नेली तर नेमकं काय होतं, हे कळलं पाहिजे. म्हणून त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात 'वाहतूक' शिकवतानाही उपयोगी पडेल.

रेल्वेला बोगदा कशाला लागतो?

आपण नागपूरची माणसं सपाटीवरची. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, डोंगर पोखरण्यापेक्षा गाडी डोंगरावरून काहून नाही नेत?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा मोटारसायकलवर नीट समजलं. गेल्या मे महिन्यात पुण्याला मेहुण्यांकडे गेलो होतो. त्यांची गाडी घेऊन एका सकाळी जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खंडाळ्याचा घाट, म्हणजे बोरघाट, उतरलो आणि खोपोलीहून परत चढलो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुनाच रस्ता. चढाला गाडी चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर आणावी लागली. रबरी टायर डांबराला घट्ट पकडतो, म्हणून आपण वळणं घेत चढून जातो.

रेल्वेचं तसं नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं, तेही जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर. घर्षण कमी, म्हणून सपाटीवर थोड्या ताकदीत खूप ओझं ओढता येतं. पण तेच कमी घर्षण चढावर नडतं, चाक जागच्या जागी फिरू लागतं. शिवाय लांबलचक गाडीला एकदम वळताही येत नाही. म्हणून रेल्वेला हळूहळू चढणारा, फार न वळणारा रस्ता लागतो. आडवा डोंगर आला तर बोगदा, दरी आली तर पूल.

बोरघाटातले २५ बोगदे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, हे मुलांना पाठ असतं. पण पुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. ती ओलांडण्याचा आराखडा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी केला. १८५६ मध्ये बोरघाटाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, १,८३१ फूट उंची आणि त्यात २५ बोगदे.

हे खोदलं कशाने? डायनामाइटचं पेटंट आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये घेतलं, म्हणजे घाट पूर्ण झाल्यानंतर चार वर्षांनी. इथे होती ती पहार, छिन्नी, हातोडा आणि बंदुकीची दारू. उभ्या कड्यावर मजुरांना दोराने खाली सोडायचे, ते लोंबकळत दगडात भोकं पाडायचे आणि त्यात दारू ठासायचे. १८६१ च्या सुरुवातीला इथे ४२,००० च्या वर माणसं कामावर होती. कॉलऱ्याने आणि अपघातांत हजारो गेली. मजुरीच्या पैशांवरून १८५९ मध्ये दंगाही झाला.

त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडलं नाही. अभियंते नेमून तिने काम पुढे नेलं. मुलींच्या वर्गात ही गोष्ट जरूर सांगा.

याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर म्हणजे शिंगरोबा, अशी लोककथा आहे. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली, असं सांगतात. कागदोपत्री इतिहास आणि लोककथा यांतला फरक मुलांना समजावून द्यायला हे चांगलं उदाहरण आहे. आजही ट्रकवाले जाता-जाता तिथे नाणं टाकतात. मीही टाकलं.

आता वाटेल, बोरघाटाचं नागपूरला काय? नागपूरला मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली. तिच्याआधी १८६५ मध्ये कसाऱ्याचा थळघाट फोडावा लागला, तोही अशाच बोगद्यांनी. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात गेला तो याच बोगद्यांतून. आपण विदर्भ एक्स्प्रेसने जातो तेव्हा पहाटे इगतपुरीनंतर एकामागून एक अंधार येतो ना, तोच हा घाट.

आणि दगडही ओळखीचाच. बोरघाटाचा काळा बेसॉल्ट आणि आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड एकाच जातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर सह्याद्रीपासून नागपूरपर्यंत पसरले आहेत.

मग बोगदे बंद का पडतात?

बोरघाटात चढ काही ठिकाणी ३७ ला १ होता. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तरीही एका ठिकाणी जागाच पुरेना. तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं. गाडी वर येऊन एका टोकाला थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. इंग्रजी 'झेड' अक्षर काढावं तसं.

ही कसरत १९२९ पर्यंत चालली. मग त्याच सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं आली, नवीन बोगदे खोदून सरळ मार्ग काढला गेला आणि रिव्हर्सिंग स्टेशनकडचा जुना मार्ग सुटला. बोगदा खचला म्हणूनच सोडतात असं नाही. इंजिन बदलतं, रुळांची रुंदी बदलते, गाड्या लांब होतात, आणि चांगला भक्कम बोगदाही निरुपयोगी ठरतो. घाट मात्र तोच. आजही वर जाणाऱ्या कित्येक गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात.

आपल्या विदर्भातलं उदाहरण म्हणजे अकोला-खंडवा मीटरगेज. धुळघाटाजवळ ही लाईन गोल फिरून स्वतःलाच ओलांडते. मेळघाटातून जाणारा हा भाग २०१७ पासून बंद आहे. वाघांच्या जंगलात पुन्हा गाड्या नकोत म्हणून नवी लाईन बाहेरून न्यायचं ठरलं. "रूळ बंद आहेत, मग गाडी घालू" असं तिथे चालत नाही. तो व्याघ्र प्रकल्प आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही.

गाडी आत नेली तर काय होतं?

इथे मला माझी चूक सांगायची आहे. डी.एड.ला असताना आम्ही चौघे मित्र दोन मोटारसायकली घेऊन एका घाटातल्या बंद बोगद्यात शिरलो होतो. आत बोळासारखा अंधार, म्हणून हेडलाईटसाठी इंजिनं चालूच ठेवली. मध्ये पाणी साचलं होतं, खडीवरून मागची गाडी घसरली. ती उचलण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली, इंजिनं सुरूच. आधी एकाचं डोकं दुखायला लागलं, मग मलाही गरगरायला लागलं. एक जण म्हणाला, "अबे बाहेर चला." गाड्या ढकलत बाहेर आलो आणि दोघांना उलट्या झाल्या. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. नंतर विज्ञानाच्या सरांनी झापलं तेव्हा कळलं.

पेट्रोल जळताना धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवातीला डोकेदुखी, चक्कर, मळमळ. मग गुंगी येते आणि माणूस बाहेर पडायचंच विसरतो. चालू रेल्वेच्या बोगद्यात जाणारी-येणारी गाडी हवा ढकलत असते. बंद बोगद्यात हवा साचते. एक तोंड मातीने बुजलेलं असेल तर विचारूच नका.

दुसरं, चालू बोगद्याच्या छताची पाहणी होते, सुटलेले दगड पाडले जातात. बंद बोगद्याची अशी काळजी कोणी घेत नाही. बेसॉल्टच्या भेगांतून पावसाचं पाणी झिरपून दगड मोकळे होतात आणि ते अंधारात दिसत नाहीत.

तिसरं, वटवाघळं. बोगदा आपल्यासाठी बंद, त्यांच्यासाठी घर. इंजिनाच्या आवाजाने ती उधळतात, आणि हेल्मेटच्या काचेवर वटवाघूळ आदळलं तर गाडी सरळ राहत नाही.

चौथं, कायदा. रूळ काढले तरी जागा बहुधा रेल्वेचीच असते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पालकहो, हे नीट वाचा: अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलगा आवडीने मागतो म्हणून चावी देण्याआधी हा आकडा आठवा.

बंद बोगदे लोकांना दाखवताच येत नाहीत असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळचा कूम डाऊन बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे. तो दुरुस्त करून, दिवे लावून २०१३ मध्ये चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला केला. मोटारसायकलींना तिथेही प्रवेश नाही. आधी तपासणी, मग दुरुस्ती, मग माणसं, असा तो क्रम आहे. आपल्याकडे असं झालं तर मी पहिला वर्ग घेऊन जाईन.

वर्गात काय करता येईल?

१. ३७ वीत लांब सुतळी घ्या. एक टोक जमिनीवर, दुसरं एक वीत उंच धरा. मुलं म्हणतील, "सर, हा काही चढ आहे का?" मग सांगा, रेल्वेसाठी हा अवघड घाट आहे.

२. दहा मुलांची आगगाडी करा. मैदानावर खडूने 'झेड' आखा. कोपऱ्यावर आलं की इंजिन झालेल्या मुलाने धावत दुसऱ्या टोकाला जायचं. रिव्हर्सिंग स्टेशन पाच मिनिटांत समजतं.

३. मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आपल्या नागपुरातच आहे, २००२ पासून. तिथे मुलांना एकच प्रश्न द्या: "हे इंजिन काम करणं का थांबलं?"

४. मोठ्या मुलांना मोटारसायकलची आवड असेल तर ती वापरा. घाटरस्ता, गिअर, चढ यावर बोला. बोगद्याचं तोंड लांबून, सुरक्षित जागेवरून पाहायचं, छिन्नीच्या खुणा ओळखायच्या, फोटो काढायचा. गाडी रस्त्यावर, इंजिन बंद.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हे सगळं सांगितलं. व्हिडिओतला थरार त्याला अजून आवडतोच, मला काही भ्रम नाही. पण अॅलिस ट्रेडवेल आणि दोराला लोंबकळणारी माणसं ऐकताना त्याने मोबाईल खिशात ठेवला होता. शेवटी विचारलं, "सर, त्या मजुरांची नावं कुठे लिहिली आहेत का?" मी म्हटलं, बोगद्याच्या तोंडावर तर नाहीत.

अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून सात महिने आहेत. तोपर्यंत आमचं ठरलंय: दिवाळीत विदर्भ एक्स्प्रेसने जायचं, पहाटे इगतपुरीला जागं राहायचं आणि कसाऱ्यापर्यंतचे बोगदे मोजायचे. त्याची आईही येणार आहे.

तुमच्या वर्गात हे उपक्रम करून पाहिलेत तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.