बुटक्या गाडीचा हिशेब

कोल्हापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, दोन दिवस येऊन जा. पोराचं डोकं फिरलंय. नवी गाडी बुटकी करायची म्हणतोय."

गाडी बुटकी करायची म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. माणसे टाचा उंच करण्यासाठी पैसे मोजतात, गाडीची उंची कमी करण्यासाठी कुणी पैसे का मोजावेत? पण भाच्याच्या गाडीच्या कर्जाला जामीनदार मी होतो. मामाचे कुणी ऐकत नाही, जामीनदाराचे थोडेफार ऐकावे लागते. मी सकाळची एसटी धरली.

मी पोहोचेपर्यंत निम्मे काम होऊन गेले होते. अंगणात गाडी उभी होती, नेहमीपेक्षा चार बोटे नाही तरी दोन बोटे खाली बसलेली. दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. खरे सांगतो, दिसत होती देखणी.

"स्प्रिंगा कापल्यास?" मी दरडावून विचारले.

"नाही मामा, कापून घेणारे वेगळे. मी तयार आखूड स्प्रिंगा बसवल्या. पस्तीस मिलिमीटर खाली."

तेवढे समाधान. मूळ स्प्रिंगेचे वेटोळे कापून टाकले की ती ताठर होते, शिवाय गाडी उसळून चाक खाली लोंबकळले तर तुकडा आपल्या जागेवरून सुटण्याची भीती असते. आखूड स्प्रिंग निदान त्या जागेत बसण्यासाठी घडवलेली असते. आता बाकी होती चाके. भाच्याला सतरा इंची चाके आणि २१५/४५ मापाचे टायर हवे होते. "ते बसतील का, एवढंच बघायचंय. तुम्ही बँकेतले. आकडे तुम्हाला कळतात."

मुलगा चतुर आहे. विरोध करायला आलेल्या माणसाच्या हातात त्याने पेन्सिल दिली.

टायरवरचा आकडा वाचकांपैकी किती जणांनी वाचला असेल? मी बत्तीस वर्षे लोकांना गाड्यांसाठी कर्जे दिली, पण कधी वाचला नव्हता. भाच्याच्या गाडीवर लिहिले होते १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, ती रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा डिस्कचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असे खाते कुणी माझ्या टेबलावर आणले असते तर परत पाठवले असते.

पण हिशेब सोपा निघाला. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मि.मी. ही भिंत वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मि.मी. बेरीज ६२१.५. हा चाकाचा पूर्ण व्यास, आणि हाच खरा मुद्दलाचा आकडा. चाक बदला, पण व्यास होता तेवढाच राहू द्या. कारण वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्या मोजून वेग सांगतो. व्यास बदलला की काटा खोटे बोलू लागतो.

भाच्याच्या एका मित्राने सल्ला दिला होता की, गाडी खाली घेतली तर टायर मडगार्डला घासेल, म्हणून छोटा टायर टाक, १८५/५५ आर १५. मी मांडून पाहिले. व्यास ५८४.५, म्हणजे ३७ मि.मी. कमी. त्याच्या निम्म्याने, साडेअठरा मि.मी., गाडी आणखी खाली जाणार. काटा १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९४. किलोमीटरचा आकडाही न चाललेल्या रस्त्याचा सहा टक्के चढा दाखवणार. मित्राचा सल्ला तिथेच नामंजूर झाला.

भाच्याच्या मापाचा व्यास मात्र ६२५.३ निघाला. फरक एक टक्काही नाही. तो विजयी मुद्रेने आईकडे पाहू लागला. मी म्हटले, "ताळेबंद जुळला म्हणजे कर्ज मंजूर होत नाही. चल, कुणा जाणत्याला विचारू."

शिरोलीच्या रस्त्यावर एक जुने टायरचे दुकान आहे. मालक सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी माझ्याकडे दोनदा निरखून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही चौऱ्याण्णव साली शाखेत होता न्हवं?"

मला आठवले, आणि नको वाटले. १९९४ साली हा माणूस व्हील अलाइनमेंटच्या मशीनसाठी कर्ज मागायला आला होता. मी त्याला सांगितले होते की, आपल्याकडच्या रस्त्यांवर चाके सरळ आहेत की तिरकी हे बघायला कोण पैसे देणार? हे श्रीमंतांचे चोचले. अर्ज मी परत केला होता. सौजन्याने, पण परत केला होता.

"मग पतपेढीतनं काढलं," ते म्हणाले. "व्याज जास्त पडलं. पण मशीन चाललं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मग ते भाच्याच्या गाडीपाशी उकिडवे बसले, आणि मी आयुष्यात न शिकलेली गोष्ट अर्ध्या तासात शिकलो. गाडी खाली घेतली की चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा कमी होते. वर-खालची जागा आधीच गेली, आता बाजूची तरी राखावी लागते. २१५ चा टायर मूळ टायरपेक्षा ३० मि.मी. रुंद. त्यात डिस्क बाहेर किती येते हे तिच्या 'ऑफसेट'वर ठरते, म्हणजे गाडीला टेकणारा डिस्कचा भाग तिच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे त्यावर. समजा, मूळ डिस्क साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. नवी सहा इंच रुंद आणि ऑफसेट ३८ घेतली, तर बाहेरची कड १३ मि.मी. पुढे येते. बोटभर वाटते, पण वळणावर चार माणसे बसलेली असताना तेच बोट टायर कापते.

"आणि भिंत?" त्यांनी विचारले. मी पटकन गणित केले. १२० ची ९७ मि.मी. "खड्ड्याचा दणका ही भिंत खाती. ती लहान केली की दणका डिस्कला. टायरला फुगा येतो, डिस्क वाकती. तुम्ही गगनबावड्यावरनं कोकणात जाणार की न्हाई?"

जाणार होतो. गाडी घेतली त्यामागे तेही कारण होते. बहिणीचे सासर वैभववाडीकडचे, आणि गुडघे दुखू लागल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नव्हती.

शेवटी त्यांनी १९५/५५ आर १६ सुचवले. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी हेच माप देते. व्यास ६२०.९, जवळजवळ मुळाइतका. रुंदी फक्त १० मि.मी. जास्त, भिंत १०७. डिस्कही त्याच मॉडेलची, कंपनीच्याच ऑफसेटची. टायरवर शेवटी ८७ असा आकडा होता. तो भार-निर्देशांक. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, आणि मूळ टायरवर होता ८८, म्हणजे ५६०. "मुळापेक्षा खाली उतरायचं न्हाई," म्हणून त्यांनी आतून ९१ चा, ६१५ किलोचा टायर काढून आणला. बाजूवरचे चार आकडे दाखवून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला तेही वाचायला शिकवले. मग त्या मशीनच्या वारसदारावर, नव्या संगणकी मशीनवर, अलाइनमेंट केले. गाडी खाली घेतली की चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो. पैसे त्यांनी पुरेपूर घेतले. मीही घासाघीस केली नाही.

संध्याकाळी परीक्षा. बहीण, मी, भाचा आणि शेजारचे एक वजनदार गृहस्थ असे चौघे बसलो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. घासले नाही. मग गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गल्लीतला बांधणाऱ्याने ती शिफारस वाचली नव्हती. पोटाखालून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि भाच्याचा चेहरा असा झाला, की जणू त्याचीच पाठ खरवडली गेली. चाकाच्या मापाने टायर वाचतो. पोट वाचायला उंचीच लागते.

रात्री मी त्याला कायदाही सांगितला. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आला. विमा कंपनीला न कळवलेला बदल नेमका दाव्याच्या वेळी आठवतो, हे तर माझ्या धंद्यातले ज्ञान. भाच्याने सगळे ऐकून घेतले. तरुण माणसे कायदा ऐकून घेतात, तशी ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला स्टँडवर सोडले. बहीणही आली होती. ती उतरताना दाराला धरून जरा थांबली, मग हसून म्हणाली, "पाटावरून उठल्यासारखं होतंय बाई." तक्रार नव्हती. भाचा मात्र दुसरीकडे पाहू लागला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. मूळ स्प्रिंगा परत बसवल्या होत्या, पुन्हा अलाइनमेंट केले होते. सोळा इंची चाके तेवढी ठेवली. आखूड स्प्रिंगा खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या आहेत.

"दंडाला घाबरलास?" मी विचारले.

"नाही मामा. दंडाचं काय एवढं." तो थोडा वेळ गप्प राहिला. "परवा आईला घेऊन वैभववाडीला जाऊन आलो. वाटेत चार वेळा उतरली ती. मी मोजलं."

मी काही बोललो नाही. आकडे मला कळतात असे तो म्हणाला होता. हा आकडा मात्र त्याचा त्यानेच काढला होता.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जाणार आहे. शिरोलीच्या दुकानात काही काम नाही. तरी जाऊन, तेव्हा अर्ज परत करताना माझेच चुकले होते, एवढे सांगून येणार आहे.