चित्रफीत अडते कोठे?

दिवाळी उलटली, धानाची मळणी आटोपली आणि शंकरपटांचे दिवस आले, की भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी ह्या तालुक्यांत गावोगावी झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि रात्री जेवणे उरकल्यावर सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो, ही वहिवाट जुनीच आहे. नवीन आहे ते त्या प्रयोगाचे चित्रण. उन्हाळ्यात लग्नाच्या वराती टिपणारा तालुक्याचा छायाचित्रकार थंडीत दोन कॅमेरे लावून नाटकही टिपतो, मंडळाकडून बयाना घेतो, आणि मग दुकानाच्या मागल्या खोलीतील पाचसात वर्षांच्या संगणकापुढे त्याचा सारा मामला अडतो. चित्र अडखळत चालते, आवाज पुढे जातो, आणि संकलित फीत सिद्ध होण्यास अख्खी रात्र लागते. नवा संगणक घेण्याची ऐपत नसली, तरी एखाददुसरा भाग बदलण्याइतकी तरतूद पुष्कळांपाशी असते. प्रश्न एवढाच, की तो भाग कोणता. आणि त्याचे उत्तर विक्रेत्याच्या दरपत्रकात शोधण्याआधी त्या फितीच्या अंतरंगात शोधणे इष्ट.

फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रणात एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या तीन मूळ रंगांना एकेक बाइट दिला, तर एक चौकट जवळजवळ २५ मेगाबाइटांची होते, आणि सेकंदाला २५ चौकटी ह्या हिशेबाने सेकंदास सुमारे ६२२ मेगाबाइटांचा लोंढा वाहू लागतो. कॅमेऱ्यातील लहानशा मेमरी कार्डावर मात्र सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे अवघे साडेबारा मेगाबाइट, लिहिले जातात. पन्नासातला जेमतेम एक भाग ठेवून बाकीचा गाळला जातो, आणि तरीही डोळ्याला उणीव भासत नाही.

ह्या चमत्कारामागील एक गणित आपल्याच देशात जन्मलेल्या संशोधकाचे आहे. बंगळूरचे नासिर अहमद ह्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासह १९७४ मध्ये जे कोसाइन रूपांतर प्रसिद्ध केले, त्याने चित्राच्या लहान लहान चौकोनांतील ठळक आणि सूक्ष्म भेद वेगळे काढता येतात, व डोळ्याला न जाणवणारे सूक्ष्म भेद टाकून देता येतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच-२६४ पद्धतीत त्याच रूपांतराची पूर्णांकी आवृत्ती आहे. शिवाय ही पद्धत प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाही: एक चौकट पूर्ण, आणि तिच्या पुढील अनेक चौकटींत केवळ काय हलले, काय बदलले, एवढाच तपशील. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फीत उजेडासमोर धरली, तेव्हा तिच्यावरील कोणतीही चौकट आपली आपण संपूर्ण दिसत होती, आजचा संकलक मधल्याच एखाद्या चौकटीवर कात्री ठेवू पाहतो, तेव्हा ती चौकट तेथे नसतेच, मागील पूर्ण चौकटीपासून पुढे हिशेब करीत ती घडवावी लागते. दोन कॅमेरे असले, की हा हिशेब दुहेरी होतो.

ह्या कामात कोण मागे पडतो, ते पाहण्यास मालगुजारी तलावांच्या ह्या जिल्ह्यातील माणसाला फार समजावावे लागू नये. मोरी अरुंद असेल, तर पाळ उंच करून शेवटच्या बांधीला अधिक पाणी मिळत नाही. संगणकाचीही रुजुवात अशीच करावी: संकलनाचे नेहमीचे काम चालू ठेवून ‘टास्क मॅनेजर’ उघडावे, आणि प्रक्रियक, स्मृती, डिस्क व ग्राफिक्स ह्यांपैकी कोणाचा आलेख शंभरीला टेकला आहे ते पाहावे. हे फुकटचे निदान न करता जो बाजारात जातो, त्याच्या गळ्यात बहुधा महागडे ग्राफिक्स कार्ड पडते.

त्या कार्डाचा मी द्वेष्टा नाही. रात्रीच्या मंडपात, रंगीत दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात घेतलेल्या चित्रात जी रवाळ वळवळ दिसते, ती पुसण्याचे आणि रंग सुधारण्याचे काम लक्षावधी बिंदूंवर एकाच वेळी चालते, आणि त्यासाठी कार्डासारखा कारागीर नाही. परंतु १९६७ मध्ये जीन अॅमडाल ह्या अभियंत्याने दाखवून दिलेली मर्यादा येथे लागू होते. शंभर मिनिटांच्या कामापैकी वीसच मिनिटे कार्डाच्या वाट्याची असतील, तर ते कार्ड अनंत वेगाचे आणले, तरी ऐंशी मिनिटे शिल्लक राहतातच.

फीत उलगडण्याचे काम प्रक्रियकाकडे येते, आणि तेथे एक बारीक अक्षर घात करते. इंटेलने २०११ पासून आपल्या प्रक्रियकांतील अंगभूत ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ नावाची, केवळ चित्रण उलगडण्या-गुंडाळण्यासाठी राखलेली यंत्रणा ठेवली आहे; पण ज्या प्रक्रियकाच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्सच चालू नसते, सबब ही यंत्रणाही नसते. थोडी स्वस्ताई पाहून तोच घेणारा संकलक नेमके हवे ते गमावतो. नव्या कॅमेऱ्यांचे १० बिट, ४:२:२ प्रकारचे एच-२६५ चित्रण तर आणखी चोखंदळ आहे: इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून ते उलगडू लागले, एनव्हिडियाची कार्डे मात्र २०२५ च्या ५०-मालिकेपर्यंत ह्या बाबतीत रिकाम्या हातांची होती. जुन्या यंत्राने अशा वेळी हलक्या प्रतींवर, म्हणजे ‘प्रॉक्सी’वर, काम करावे, संकलन लहान प्रतीवर, आणि अखेरची फीत तेवढी मूळ चित्रणावरून. ह्या उपायाला एक पैसा लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो कोणी विकत नाही.

डिस्क आणि स्मृती ह्यांविषयी थोडक्यात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. तिचे शीर्ष दोन कॅमेऱ्यांच्या आणि संगीताच्या धारिकांमध्ये धावत राहिले, की सेकंदाला ऐंशीच्या आसपास जागा शोधतानाच ती थकते. जागा बदलण्यास फिरते अंग नसलेली एनव्हीएमई एसएसडी ह्या दिरंगाईतून सुटते, म्हणून चालू काम तिच्यावर ठेवावे. दोन कॅमेऱ्यांचे सहा तासांचे नाटक वर सांगितलेल्या दराने ५४० गिगाबाइट भरते, हे ध्यानात घेऊन तिचा आकार ठरवावा, आणि संपलेली कामे जुन्या डिस्कच्या दप्तरी दाखल करावीत. सरळ ओळीने लिहिण्यास ती अद्याप समर्थ आहे. ८ गिगाबाइट स्मृतीवर फोर-केचा संसार होत नाही. ३२ असावी, ती दोन समान पट्ट्यांत असावी, आणि डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ बसत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

आता वैशाखातील उन्हाविषयी. कारखान्यांतील क्षमतापत्रके २५ अंशांच्या खोल्यांत लिहिली जातात. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ ला भिडतो. उष्णता वाहून जाण्याचा वेग तापमानांतील अंतरावर अवलंबून असतो. प्रक्रियकाची सीमा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांचे अंतर मिळते, ४५ च्या खोलीत ५५ चे; म्हणजे त्याच पंख्याची शीतलनशक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते, आणि प्रक्रियक स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरवितो. त्यात भातगिरण्यांच्या परिसरात कोंड्याची बारीक धूळ शीतकाच्या पात्यांत बसली, की नव्या प्रक्रियकावर केलेला खर्च जुन्याच वेगाने चालू लागतो. शीतक साफ करून त्यावरील उष्णतावाहक लेप बदलणे आणि पेटीत हवेचा मार्ग मोकळा ठेवणे ही कामे खरेदीच्या आधीची आहेत. खोलीत कूलर असला, तर त्याचा ओला झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये.

वीजपुरवठ्याच्या पेटीची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते. नवे कार्ड घ्यायचे ठरलेच, तर जुन्या पेटीची शक्ती आणि कार्डाची मागणी ह्यांचा ताळा आधी घ्यावा, आणि जोडीला यूपीएस ठेवावे. ते तासन्‌तास चालण्याची गरज नाही, वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती पाचसात मिनिटे त्याने दिली, तरी पुष्कळ.