थंडगार चॉकलेट पुडिंग, पण कच्चे अंडे नको!

मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. पारा ४५ अंशांपुढे. नातवाच्या वाढदिवसासाठी तिने जुन्या वहीत उतरवून घेतलेले चॉकलेट मूस केले होते. वितळवलेल्या चॉकलेटमध्ये अंड्याचा कच्चा बलक, पांढऱ्याचा फेटलेला फेस आणि मग रात्रभर फ्रिज. त्या रात्री तीन-चार तास वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सर्वांनी आवडीने खाल्ले. डॉक्टर असूनही मी काही न विचारता दुसरी वाटी मागून घेतली.

अमरावतीला परतलो आणि पहाटे फोन आला. नातवाला उलट्या, जुलाब, ताप. सकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, सलाईन लावावे लागले. सुदैवाने मुलगा बरा झाला. "दादा, अंडी त गावरानी होती ना!" बहीण म्हणाली.

वाचकहो, अंडे गावरानी असो की पोल्ट्रीचे, त्याच्या कवचावर आणि कधी आतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. फ्रिजची थंडी त्यांना मारत नाही, केवळ त्यांची वाढ रोखते. वीज गेली की वाढ पुन्हा सुरू! त्रास सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्धांना धोका अधिक.

मग पुडिंग करूच नये का? जरूर करावे, पण शिजवून. अर्धा लिटर दुधातले थोडे गार दूध घेऊन त्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे कोको व चार चमचे साखर कालवावी. उरलेले दूध उकळून त्यात हे मिश्रण ओतावे. सतत ढवळत, घट्ट होऊन बुडबुडे आल्यावरही दोन मिनिटे शिजवावे. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून निववावे व तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार तासांत छान घट्ट होते. मधुमेह्यांनी मात्र चवीपुरतेच घ्यावे.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब झालेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा जुलाबात रक्त दिसले, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

बहिणीने वहीतल्या त्या पानावर आता आडवी रेघ मारली आहे. आपल्याही वहीत असे एखादे पान आहे का, ते एकदा पाहून घ्या.