पेच आवळला म्हणजे जोड पक्का झाला?

बारा व्होल्ट, वीस अँपिअरचा एसएमपीएस. छिद्रं पाडलेल्या पत्र्याची ही चपटी पेटी दुकानाच्या पाटीमागे असते, सीसीटीव्हीच्या खोक्यात असते, गणपतीच्या आराशीत तर हमखास असते. ती बंद पडली की ‘चायनाचा माल’ म्हणून आपण मोकळे होतो. पण पेटी नीट पाहिली तर पुष्कळदा आतलं सगळं ठणठणीत असतं. जळालेली असते ती टर्मिनलची पट्टी, आणि तीही एकाच पेचापाशी.

इथला सगळ्यांत चिवट गैरसमज मन लावून काम करणाऱ्यांचाच आहे. वायर सोलायची, तारा पिळायच्या, टोकाला सोल्डर पाजायचं आणि ते कडक झालेलं टोक पेचाखाली दाबायचं. दिसायला अगदी सुबक, एक तार बाहेर डोकावत नाही. पण सोल्डर हा मऊ मिश्रधातू आहे. सतत दाबाखाली राहिला, त्यात चालू-बंद होताना तापला-निवला, की तो हळूहळू बाजूला सरकतो. पेच जागचा हललेला नसतो, तरी त्याच्याखालचा दाब गेलेला असतो. शिवाय सोल्डर तारांमधून वर इन्सुलेशनखाली शिरतं. ते जिथे संपतं तिथे वायर एकदम कडकची मऊ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. दाबून धरायच्या टोकाला सोल्डर पाजू नये, हे घरगुती उपकरणांसाठीच्या आयईसी 60335-1 या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. दाब सैल पडणारच नाही अशी टर्मिनलची रचना असेल तरच त्यात सूट आहे. कारखान्यातून येणारी कल्हईची तांब्याची वायर मात्र वेगळी. तिच्या प्रत्येक तारेवर कथलाचा अगदी पातळ थर असतो, तिला हा दोष लागत नाही.

‘बाराच तर व्होल्ट आहेत, काय होणार?’ हे वाक्य त्याहून घातक. शॉक बसत नाही, हे खरं. पण 240 वॅट बारा व्होल्टवर न्यायचे तर वीस अँपिअर वाहावे लागतात, आणि जोडातली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सैल जोडाचा रोध 0.05 ओहम धरा. मीटरवर तो धड दिसतही नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त भरतो. तरी वीस अँपिअरला तिथे 20 वॅट उष्णता तयार होते. घरातली लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते! वर एक व्होल्ट वाटेतच जातो, दिवे मंद दिसतात. मग कोणीतरी ‘ॲडजस्ट’चा स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवतो आणि दुखणं झाकलं जातं.

अशा वेळी एमसीबी पडेल, ही आशाही फोल. एमसीबीला जादा विद्युतप्रवाह कळतो. सैल जोडात तो वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. प्लॅस्टिक वितळतं आणि एमसीबी शांत असतो.

मग करायचं काय? वायरला थिंबल मारायचं. वॉशरवाल्या उघड्या पेचांसाठी यू आकाराचं किंवा गोल. वायर आत खुपसायची असेल अशा टर्मिनलसाठी नळीसारखं फेरूल. ते मारायचं क्रिंपिंग टूलने. पक्कडीने चेपलेलं थिंबल चपटं होतं एवढंच. आतल्या तारांमध्ये पोकळी राहते आणि जोराने ओढलं तर वायर हातात येते. हा ओढून बघण्याचा सोपस्कार प्रत्येक जोडाला करावाच, अर्थात पेचाखाली लावण्याआधी. थिंबलमध्ये मावत नाहीत म्हणून चार तारा छाटायच्या, हा उद्योग तर नकोच. मोठं थिंबल मिळतं, दोन-चार रुपयांचा प्रश्न असतो.

आवळण्याबद्दलही दोन टोकं आहेत. एक ‘हात दुखेपर्यंत’वाले: त्यांच्याकडून आटे जातात नाहीतर तारा कापल्या जातात. चांगल्या कंपन्या किती बळ लावायचं याचा आकडाच देतात. दुसरे टेस्टरने पेच फिरवणारे. खिशातला टेस्टर वीज आहे की नाही बघायला बनवलेला आहे. त्याची बारीक पात पेचाच्या खाचेत धड बसत नाही, घसरते, आणि पेच घट्ट झाल्यासारखा वाटतो.

पट्टीवर दोन-तीन ‘व्ही प्लस’ असतात ती वेगवेगळी आउटपुट आहेत असंही अनेकांना वाटतं. ती आत एकच असतात. इतके पेच दिले आहेत ते भार वाटून घ्यायला. वीस अँपिअर एकाच पेचावर लादायला नव्हे.

राहिला अर्थचा पेच, जो सर्रास रिकामा दिसतो. पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात आणि माल परत जातो. माल चांगला असतो. आतल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट येतात. प्रवाह अगदी थोडा, पण जाणवण्याइतका. पेटी बदलून उपयोग नाही, नवीही तशीच झोंबेल. हिरव्या वायरला गोल थिंबल मारून ती त्या पेचाखाली घ्यायची. दुसरं टोक मात्र तीन पिनांच्या प्लगमधून खऱ्या अर्थिंगपर्यंत पोचायला हवं. दोन पिनांच्या प्लगवर ते होणार नाही.