तालमीतला फुटबॉल

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या पेठांत एकच चौकशी सुरू होते: यंदा कोण कुणाकडून खेळणार? कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘केएसए’, हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी घेते. एखादा चांगला गोलरक्षक एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला, की ती बातमी वर्तमानपत्रात छापून यायच्या आधीच मिरजकर तिकटीपासून उभा मारुती चौकापर्यंत पोचलेली असते. तिथून पुढे, पावसाळा तोंडावर येईपर्यंत, शहरातल्या हजारो माणसांची दुपार शाहू स्टेडियमच्या सामन्यांवर ठरते.

संघांची नावं वाचली तरी हा फुटबॉल कुठून आला ते कळतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. प्रॅक्टिस फुटबॉल क्लबसारखी थोडी इंग्रजी वळणाची नावं सोडली, तर बाकी सगळा नकाशा पेठांचा आहे. खंडोबा, शिवाजी आणि संध्यामठ हे शिवाजी पेठेचे. पाटाकडील, बालगोपाल आणि प्रॅक्टिस मंगळवार पेठेचे. दिलबहार रविवार पेठेचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा हौद नव्हे. गणपती तिथेच बसतो, मोहरमचे पंजे अनेक तालमींत बसतात, शिवजयंतीची मिरवणूक तिथूनच निघते आणि गल्लीतलं भांडणही तिथेच मिटतं. फुटबॉलचा संघ या संसारात सामील झाला, आणि हळूहळू तालमीची इभ्रत त्याच्यावर तोलली जाऊ लागली.

याची मुळं संस्थानी काळात आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. शरीर कमावणं हा पोराचा गुण आहे आणि त्याचं कौतुक भर मैदानात व्हायला हवं, ही समजूत त्या काळात शहराच्या अंगी मुरली. त्याच वातावरणात १९४० मध्ये केएसए स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही टिकून आहे. या घराण्यातले मालोजीराजे छत्रपती केएसएशी जोडलेले असून २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही निवडून आले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी उभं राहिलेलं शाहू स्टेडियम हे केएसएचं घर. संघ इतके असूनही बहुतेक मोठे सामने या एकाच मैदानावर होतात, त्यामुळे ‘घरचं मैदान’ असा फायदा कुणालाच नाही. घर म्हणायचं ते गॅलरीतल्या आपापल्या कोपऱ्याला.

हंगाम साधारण दोन टप्प्यांत चालतो. आधी केएसएची वरिष्ठ गट साखळी. अलीकडच्या हंगामांत सोळा संघांचे आठ-आठचे दोन गट केले जातात, वरचा सुपर सीनियर आणि खालचा सीनियर. गटातला प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी एकदा खेळतो, म्हणजे एका गटाचे २८ सामने. सातच सामने असल्यामुळे चुकीला जागा नसते. पहिल्या आठवड्यात एका दुबळ्या संघाशी बरोबरी झाली, तर ते दोन गुण जानेवारीत डोळ्यांसमोर नाचतात. खाली घसरण्याची भीती विजेतेपदाच्या आशेइतकीच तीव्र असते. साखळी संपली की चषकांचा काळ येतो. कुणा दिवंगत खेळाडूच्या स्मरणार्थ, कुणा नेत्याच्या नावाने, कधी महापालिकेच्या वतीने बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात. तिथे निकाल त्याच दिवशी लागतो. टायब्रेकर आणि सडनडेथ हे शब्द कोल्हापुरात आजीलाही ठाऊक असतात ते या स्पर्धांमुळे.

सामन्याच्या दिवशी स्टेडियमवर एक सामना भर उन्हात आणि दुसरा उन्हं कलताना, असा बेत असतो. मोठी लढत दुसरी. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस, किंवा शिवाजी विरुद्ध खंडोबा असली, की पहिला सामना संपायच्या आत गॅलरी भरते. लोक तिकीट काढून येतात. भारतातल्या कितीतरी शहरांत राष्ट्रीय पातळीच्या लीगचे सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे होतात, तिथे शहराच्या साखळीला रांग लावणारा प्रेक्षक ही कोल्हापूरची खरी कमाई आहे. हा प्रेक्षक जाणकारही आहे. बचावपटू उशिरा मागे आला, तर त्याच्या नावाने ओरडा होतो, कारण तो पोरगा कुणाचा, कुठल्या शाळेतून खेळत आला, हे ओरडणाऱ्याला माहीत असतं.

मैदानात उतरणाऱ्यांचं जगणं मात्र अर्धं खेळाडूचं आणि अर्धं नोकरदाराचं आहे. संघ मानधन देतात, नावाजलेल्या खेळाडूला जास्त देतात, पण त्यावर वर्षभर घर चालवणं बहुतेकांना जमत नाही. सकाळी सराव, दिवसा काम, आणि सामन्याच्या दिवशी साहेबाची परवानगी. सरावाला जागा म्हणजे गांधी मैदान किंवा दुधाळी; पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं आणि सराव बंद पडतो. तालमीकडे पैसा येतो तो वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून आणि पुढाऱ्यांकडून. ईर्षा वाढली तसा खर्चही वाढला. गोवा, मुंबई, केरळ इथले खेळाडू आले, मग नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतलेही आले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला आणि स्थानिक पोरांना ताकदीच्या खेळाडूंशी भिडायची सवय झाली. पण पेठेतल्या मुलाची जागा गेली, हेही खरं. केएसएने बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली ती याच कारणाने, आणि ती योग्यच आहे.

ईर्षेची दुसरी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. गॅलरीतली बाचाबाची रस्त्यावर आल्याने सामने आणि स्पर्धा थांबवाव्या लागल्याचे प्रसंग या शहराने पाहिले आहेत. अशा वेळी शिक्षा होते ती खेळणाऱ्यांनाच. सात सामन्यांच्या साखळीतला एक रद्द सामना म्हणजे एका तरुणाच्या साखळीचा सातवा हिस्सा. तालमींच्या ज्येष्ठांनी आपापल्या पोरांना आवरणं हे पोलीस बंदोबस्तापेक्षा अधिक उपयोगी ठरतं, कारण तालमीत वडीलधाऱ्याचा शब्द अजून चालतो.

अशाच गावकीच्या फुटबॉलची एक जुनी परंपरा इंग्लंडच्या ईशान्येला आहे. तिथली नॉर्दर्न लीग १८८९ मध्ये सुरू झाली; जगात आजही चालू असलेल्या लीगांत तिच्याहून जुनी फक्त १८८८ ची इंग्लंडचीच फुटबॉल लीग. डरहॅम परगण्यातल्या कोळशाच्या खाणींजवळच्या गावांचे संघ या लीगमध्ये खेळत आले. त्यांतल्या वेस्ट ऑकलंडचा खाण कामगारांचा संघ १९०९ मध्ये इटलीत तुरीनला गेला आणि सर थॉमस लिप्टन चषक जिंकून परतला. १९११ मध्ये पुन्हा गेला आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ असं हरवलं. तिथले खेळाडू आजही आठवडाभर नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी काही पौंडांवर खेळतात. प्रेक्षक तर कोल्हापूरच्या मोठ्या सामन्यापेक्षा कितीतरी कमी, अनेकदा काही शेच. तरीही त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही: शिडी. नॉर्दर्न लीग जिंकणारा संघ वरच्या लीगमध्ये जातो, तिथून आणखी वर. ऑगस्टमध्ये एफए कपच्या अगदी प्राथमिक फेरीत उतरणारा गावाचा संघ, जिंकत गेला तर, त्याच हंगामात देशातल्या बड्या क्लबशी खेळू शकतो.

कोल्हापूरची साखळी जिंकणाऱ्या तालमीला पुढे काय? मिरवणूक, हलगी, गुलाल, चषक. आणि पुढच्या वर्षी तेच सात सामने. राष्ट्रीय लीगमध्ये शिरायचं तर परवाना, नोंदणीकृत कंपनी, वयोगटांचे संघ, प्रशिक्षक आणि मोठा पैसा लागतो. तरुण मंडळाच्या रचनेत हे बसत नाही. म्हणून वर जातो तो खेळाडू, संघ नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला, पुढे इंडियन सुपर लीगमध्येही. दुसरा दाखला मुलींचा आहे. एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ २०१८-१९ च्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरला, लुधियानाला जाऊन देशातल्या चांगल्या संघांशी खेळला. शहराच्या नावाने संघ उभा राहू शकतो, हे मुलींनी पेठांच्या आधी दाखवून दिलं.

यातून तालमींनी आपली नावं पुसून कंपन्या व्हावं, असा अर्थ मी काढत नाही. पेठेचं नाव गेलं तर गॅलरीही जाईल. हवं ते असं की प्रत्येक तालमीने बारा, चौदा, सोळा वर्षांखालील संघ कायमचे ठेवावेत, बाहेरच्या एका खेळाडूवरचा खर्च दोन प्रशिक्षकांवर करावा, महापालिकेने सरावाची मैदानं बारा महिने खेळण्याजोगी करावीत, आणि साखळीच्या विजेत्याला राज्य पातळीवर खेळायची हक्काची जागा मिळावी. यातलं कुठलंच काम शहराच्या ताकदीबाहेरचं नाही. जे पैशाने विकत मिळत नाही, तो प्रेक्षक, ती ईर्षा आणि ऐंशीहून अधिक वर्षं टिकलेली संस्था, हे सगळं कोल्हापूरकडे आधीच आहे. आता पेठेच्या संघाला पेठेबाहेर जायची वाट करून द्यायला हवी.